वावडी

चौदा फूट. त्यातलं दीड फूट तर नुसतं नाक.
डोलकाठी म्हणजे तुषार सिंचनाचा ॲल्युमिनियमचा पाइप,
भंगारातला, बुडाशी पोचा पडलेला.
शीड शिवलं मंडपवाल्या हाशमभाईनं,
लग्नसराई उरकल्यावर, रात्री.
झालर लावू का, म्हणाले.
नको म्हटलं. त्यांना वाईट वाटलं.

ट्रॉली मात्र माझी.
पंचवीस वर्षं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या वेल्ड करतोय
जिंतुरात, परभणी रोडला.
मारुतीचा मागचा ॲक्सल, घासलेले टायर,
वर दोन फळ्या, गोधडीत गुंडाळलेल्या,
बोटीच्या पोटाला टोचू नये म्हणून.
बायको म्हणाली,
माझ्या बाळंतपणात एवढी काळजी नव्हती.
खरं होतं.

निघालो येलदरीला.
जीपमागे बोट, बोटीमागे पोरं.
बसस्टँडवर एकानं हात जोडले.
चौकात हवालदार:
पासिंग आहे का याचं?
ट्रॉलीचं, का वर जे आहे त्याचं?
तो भोवती फिरला,
सुकाणू हलवून बघितलं दाराच्या कडीसारखं.
इंजीन कुठंय?
वारा.
आन् डिझेल?
तेबी वाराच.
तो हसला नाही. वही मिटली, हळूच म्हणाला,
माणसं किती बसतात?

धरण उतरलेलं. गाळात टरबुजाच्या वेली.
त्यांच्या मधून ट्रॉली मागं ढकलली
चाकं बुडेपर्यंत,
आणि बोट उचलली गेली.
आम्ही कोणी उचलली नाही.
इतका वेळ लोखंडावर बसलेलं ओझं
एकदम कोणाचंच राहिलं नाही.

मग तासभर गोल गोल.
शीड फडफडतंय रिकाम्या मंडपासारखं,
आणि थर्माकोलवर मांडी घालून जाळं सोडणारा
गणपत भोई सांगतोय,
दादा, वल्हं घे. लाज सोड, वल्हं घे.

दुसऱ्या खेपेला सरूआत्या बसली.
पदराच्या गाठीत ज्वारीचा कोंडा.
तिची निम्मी हयात खळ्यावर गेली,
वावडीवर उभं राहून, पाटी डोक्याच्या वर धरून,
वारा पडला की पाटी तशीच धरून.
पाण्यावर आल्यावर तिनं गाठ सोडली,
चिमूट उडवली, बघत राहिली.
'वारं त्या टेकडीच्या खांदाडीवरून येऊ लालंय.
नाक तिकडं नको करू. तिरकं धर.
भूस कधी वाऱ्याच्या तोंडावर जातं का?'

तिरकं धरलं.
दोरी हातात ताठ झाली, बैलाच्या कासऱ्यासारखी.
एक तास इकडं, बांधाला वळण,
एक तास तिकडं.
असं नांगरत नांगरत वाऱ्याच्याच घराकडं गेलो.
गणपत भोई उभा राहिला, पडता पडता वाचला.

अंधार पडताना बेटाजवळ म्हणालो,
आत्या, नांगर टाकू का?
'पाण्यात काय पेरू लालास?'
टाकला. खाली कुठंतरी मातीनं तो धरला.
स्टोव्हवर चहा, भाकरी, ठेचा.
छपराखाली जागा एकाची, तीही पाय बाहेर ठेवून.
आत्याचे पाय बाहेर, मी फळीवर.
रात्रभर बोट आपोआप तोंड फिरवत होती,
वारा जिकडून येईल तिकडं.
पहाटे आत्या म्हणाली, जनावर शहाणं आहे.

पेंटरनं विचारलं, नाव काय टाकू?
'वावडी,' आत्या म्हणाली.
म्हणजे पतंग?
'तिवई रे. तीन पायाची.'
त्यानं तरी पतंगच काढला शेजारी,
लाल, शेपटीवाला. राहू दिला.

आता ती शेडबाहेर उभी असते, दोन ट्रॉल्यांच्या मधे.
गिऱ्हाइकं विचारतात, ही कितीला?
दुपारी कधी दोरीसाठी पाडलेल्या भोकातून
पाइप शिटी मारतो.
मी वेल्डिंगचा चष्मा वर करतो,
हातातलं काम तसंच धरून
बघतो, कुठून आलाय.